सोलापूरहून उसळत्या पाण्याकडे: हिप्परग्यापासून काळी नदीपर्यंत कयाकिंगची तयारी

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीत जे पाणी उसळतं, ते जन्मानं आपल्या भीमेचं. मुळा नदीचं पाणी मुळशी धरणात अडवलं, ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं, आणि वीज करून झाली की ते कुंडलिकेतून अरबी समुद्राकडं जातं. अडवलं नसतं तर हेच पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत आलं असतं. यावर हळहळायचं की कयाक, म्हणजे दोन पात्यांच्या वल्ह्यानं एकट्यानं चालवायची छोटी नाव, घेऊन तिकडं जायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण नवख्यानं यातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: पावसाळा सोडला तर अशा नदीला पाणी ढगातून येत नाही, वीजघरातून येतं. पाणी सुटलं की नदी चढते, थांबलं की काही तासांत खडक उघडे पडतात. त्यामुळं निघायची वेळ आपल्या सोयीनं ठरत नाही. बहुतेक दिवशी ती सकाळची असते आणि आदल्या दिवशी फोन करून विचारावी लागते.

सोलापुरात उसळतं पाणी नाही, पण ते शिकायला लागणारं संथ पाणी आहे. कयाकिंगचं निम्म्याहून जास्त शिक्षण संथ पाण्यातच होतं. हे शिक्षण न घेता थेट नदीवर गेलात, तर पहिल्या रॅपिडमध्ये, म्हणजे खडकांतून उसळत उतरणाऱ्या धारेत, तुमची नाव उलटेल आणि उरलेला दिवस राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या रबरी नावेत, प्रवासी म्हणून बसावं लागेल.

आधी हे: भीमा-सीनेच्या पुरात उतरायचं नाही

उजनीतून विसर्ग सोडला की भीमा फुगते आणि एखाद्याला वाटतं, आपल्याच दारात रॅपिड आला. तसं नाही. भीमेवर ओळीनं कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत आणि कयाकसाठी बंधाऱ्याइतकं वाईट पाणी नाही. बंधाऱ्यावरून सांडणारं पाणी सरळ तळाला जातं, तिथून वर येतं आणि पृष्ठभागावरून उलटं, बंधाऱ्याच्या भिंतीकडं वाहतं. त्यात सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीखाली ओढली जाते. नैसर्गिक खडकामागच्या भोवऱ्याला कुठंतरी फट असते, कड असते, तिथून सुटता येतं. बंधारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ असतो, त्याला कडच नसते. शिवाय त्या फेसात हवा इतकी असते की लाइफ जॅकेटही पुरतं तरंगवत नाही. बर्गे, म्हणजे खांबांमधल्या पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असले तर दुसरं संकट: सगळं पाणी खांबांच्या मधून ओढीनं जातं, नाव दोन खांबांना आडवी बसते आणि मागचं पाणी तिला दाबून धरतं. वरच्या बाजूनं येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती नदीभर एक गुळगुळीत आडवी रेघ. अशी रेघ कुठल्याही नदीवर दिसली की काठाला लागायचं आणि उतरून पाहायचं.

पेपरात येणारे क्युसेकचे आकडेही जरा समजून घ्या. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी १ क्युसेकनं ३५ सेकंदांत भरेल. १,००० क्युसेक म्हणजे दर सेकंदाला अशा २८ टाक्या तुमच्या अंगावरून जाणार. आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. कालची गुडघाभर धार आज माणसाला उभं राहू देत नाही, त्याचं कारण हे.

पोहणं किती यायला हवं

विहिरीत पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून शिकलेला माणूस सहसा तयार असतो. त्याला सूर मारून वर येताना घाबरायला होत नाही. तलावात शिकलेल्यानं एवढं करून बघावं: अंगात शर्ट-पँट घालून थांबल्याशिवाय १०० मीटर पोहायचं, आणि पाण्याखाली डोकं घालून मनात सावकाश १५ पर्यंत मोजायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. उलटलेल्या नावेतून बाहेर यायला ५ ते ८ सेकंद लागतात. गडबडलेल्याला तीच मिनिटभर वाटतात, आणि गडबडलेला माणूस स्कर्टची (कमरेला घालून नावेचं तोंड झाकायच्या पडद्याची) पट्टी शोधायची सोडून हातपाय मारत बसतो.

सामान

उसळत्या पाण्याची कयाक आखूड असते, साधारण २.३ ते २.८ मीटर. जाड प्लास्टिकची, वजन २० किलोच्या आसपास. तलावावर भाड्यानं मिळणारी लांबट, वर बसायची उघडी नाव वेगळी. तिच्यावर वल्हवणं शिकता येतं, पण तिला मांड्यांची पकड नसल्यानं कमरेनं नाव कलवणं शिकता येत नाही. नवख्याला मोठ्या पोटाची, गोलसर टोकांची नाव बरी. चपट्या, कसरतीच्या नावा स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका, त्यांच्या बारीक कडा पाण्यात अडकतात.

नावेत बसल्यावर पाच ठिकाणी अंग टेकलं पाहिजे: दोन तळपाय, दोन मांड्या आणि पाठीचा खालचा भाग. कमरेच्या दोन्ही बाजूंना फोम लावून फट भरा. सैल चपलेत पळता येत नाही तसंच आहे हे, तुम्ही कलता आणि नाव जागची हलत नाही. पण इतकंही घट्ट नको की बाहेर येताना मांड्या अडकतील. मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या भरलेल्या हव्यात. नसल्या तर उलटलेली नाव पाण्यानं भरते आणि तिला काठावर ओढायला चार माणसं लागतात.

वल्हं १९० ते २०० सेंमीचं. दोन्ही पाती एकमेकींना ३० ते ४५ अंशांत फिरवलेली असतात. उजवा हात दांड्यावर पक्का, डाव्या हातात दांडा फिरतो. हेल्मेट पाण्याच्या खेळाचं, कपाळ झाकणारं. क्रिकेटचं किंवा मोटारसायकलचं चालत नाही. मोटारसायकलच्या हेल्मेटमध्ये पाणी भरून मानेला हिसका बसतो. लाइफ जॅकेट घालून, बकलं आवळून, दोस्ताला खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही. त्याला शिट्टी बांधलेली असावी.

पायात मागून बंद असलेले, पातळ तळाचे बूट. चप्पल पहिल्याच धारेत जाते, आणि पट्ट्यांचे सँडल पाय ठेवायच्या खुंटीत अडकतात. जीन्स नको, सुती बनियन नको. नायलॉन किंवा पॉलिस्टरचं अंगाला चिकटणारं काहीही चालेल. चष्म्याला मागून नाडी. गळ्यात साखळी, बोटात अंगठी काही नको.

हिप्परग्यावर: पहिले आठ-दहा दिवस

शहरातला कंबर तलाव जलपर्णी आणि घाणीमुळं बाद. हिप्परग्याचा तलाव तुळजापूर रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर आहे. तलाव सरकारी आहे, शहराच्या पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून पाटबंधारे खात्याला विचारूनच उतरा. पहाटे उजाडल्यापासून नऊपर्यंतची वेळ बरी, पुढं वारा सुटतो आणि एप्रिल-मे असेल तर ऊन डोक्यात शिरतं. उन्हाळ्यात पाणी मागं हटून काठाला गाळ उघडा पडतो. वरून तडकलेला, आतून लोण्यासारखा. त्यात मांडीपर्यंत पाय जातो. मुरमाड काठ शोधा, काठीनं तळ चाचपा, छातीभर पाण्यापुढं जाऊ नका.

पहिल्या दिवशी वल्हवायचं नाही. उलटायचं. शेजारी छातीभर पाण्यात एकजण उभा हवा. क्रम असा:

१. नावेत बसा, स्कर्टची कड आधी पाठीमागून आणि मग पुढं बसवा. पुढची ओढायची पट्टी बाहेर लोंबत आहे ना, हे हातानं चाचपा. ही पट्टी आत राहणं ही नवख्याची सगळ्यात महाग चूक.

२. श्वास घ्या, पुढं वाका, नाक नावेला लागेल इतकं, आणि बाजूला कलंडा. पुढं वाकलेल्याचं तोंड आणि छाती नावेच्या आडोशाला राहते. मागं झुकलेल्याचं तोंड खडकाला लागतं.

३. उलटे झाल्यावर दोन्ही तळहातांनी नावेच्या पोटावर तीनदा थापा मारा. याचा उपयोग दोन: वरच्याला कळतं की तुम्ही शुद्धीवर आहात, आणि तुमची घाई मोडते.

४. नावेच्या कडेनं हात पुढं सरकवत पट्टी धरा. आधी पुढं ढकला, मग वर ओढा. सरळ अंगाकडं ओढली तर ती सुटत नाही.

५. हात कमरेपाशी, नाव ढकला, पाय सरळ, आणि पँट काढावी तसं पुढच्या बाजूनं निसटा. मागं निसटू पाहणाऱ्याचे गुडघे अडकतात.

६. वर आल्यावर एक हात नावेवर, दुसऱ्यात वल्हं. दोन्ही सोडून काठ गाठणारा पुढं नदीवर दोन्ही गमावतो.

हे किमान २० वेळा. पहिले पाच स्कर्टशिवाय, मग स्कर्टसह, शेवटचे पाच डोळे मिटून. विसाव्या वेळी कंटाळा आला पाहिजे. भीती गेल्याची हीच खूण.

मग वल्हवणं. सगळ्यांचीच पहिली तक्रार असते की नाव सरळ जात नाही, गोल फिरते. आखूड नाव फिरण्यासाठीच बनवलेली असते. उपाय असा की पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात पूर्ण बुडवायचं, नावेला खेटून ओढायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. त्यापुढं ओढलं तर तो सुकाणूचा मार होतो आणि नाक वळतं. जोर दंडाचा नको, धड फिरवा. उखळात मुसळ घालताना अंग फिरतं तसं. दंडानं वल्हवणारा वीस मिनिटांत थकतो.

वळायला लांब अर्धगोल मार, पुढून मागं किंवा मागून पुढं. आधाराला सपाट मार: पात्याची पाठ पाण्यावर थापटायची, कोपर दांड्याच्या वर आणि त्याच क्षणी बुडणाऱ्या बाजूचा गुडघा वर उचलायचा. नाव पात्यानं नाही, गुडघ्यानं सरळ होते. हात मात्र खांद्याच्या रेषेमागं किंवा डोक्याच्या वर कधी जाऊ देऊ नका. या खेळात खांदा निखळतो तो असाच.

रोल, म्हणजे उलटी नाव आतूनच सुलटी करणं, घाईनं शिकायचा विषय नाही. जलतरण तलावाची कड धरून फक्त कंबर आणि गुडघ्यानं नाव पालथी-उताणी करण्याचा सराव करा. डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर आलं पाहिजे. सगळे उलट करतात, श्वासासाठी डोकं आधी उचलतात आणि नाव परत पालथी होते.

नदी वाचणं

खडकांमध्ये पाणी आपोआप दोन खुणा काढतं. टोक खालच्या बाजूला असलेली गुळगुळीत, काळसर जीभ म्हणजे खोल वाट, तिथून जायचं. टोक वरच्या बाजूला असलेला, तुमच्याकडं रोखलेला बाण म्हणजे पाण्याखाली दगड. जिभेच्या शेवटी एकामागं एक नियमित लाटा दिसल्या तर घाबरू नका, त्या खोल पाण्याच्या असतात. एकाच जागी फुटणारी, उलटी वाहणारी पांढरी लाट दिसली तर ती बाजूनं टाळा. टाळता आली नाही तर तिला सरळ, नाक समोर ठेवून, जोरात वल्हवत भिडा. आडवे गेलात तर ती धरून ठेवते.

खडकामागं पाणी निवांत असतं, कधी उलटंही वाहतं. राफ्टवाले त्याला एडी म्हणतात. कयाक चालवणाऱ्याचे हे थांबे. एका थांब्यावरून पुढचा रॅपिड पाहायचा, मगच निघायचं. धार आणि एडी यांच्यामधली रेघ ओलांडताना नव्वद टक्के नवखे पडतात, म्हणून ते सावकाश समजून घ्या.

नाव एडीत शिरली की तिच्या नाकाखालचं पाणी थांबलेलं असतं आणि शेपटाखालचं धावत असतं. त्यामुळं ती गर्रकन फिरते. या वेळी मोटारसायकलवर वळणाच्या आतल्या बाजूला कलतो तसं कलायचं. एडीत शिरताना आतली बाजू म्हणजे एडीची, निघताना आतली बाजू म्हणजे धारेच्या उताराची. उलट बाजूला कललात, किंवा नुसतं ताठ बसलात, तर येणारं पाणी नावेच्या कडेवर चढतं आणि अर्ध्या सेकंदात आकाश गायब होतं. रेघ ओलांडताना वेग हवा, कोन सुमारे ४५ अंशांचा हवा आणि शक्यतो खडकाला जवळ ओलांडायची. खाली गेलं की ती रेघ पसरते आणि भोवऱ्यांनी भरते.

धार ओलांडून पलीकडच्या काठाला जायचं असेल तर नाक वरच्या बाजूला ठेवून धारेशी ३० अंशांचा कोन धरा, उताराकडची कड खाली ठेवा आणि वल्हवत राहा. खाली न वाहता नाव तिरकी पलीकडं सरकते. कोन मोठा झाला की धार नाक खाली वळवते, मग पुढच्या एडीत शिरून पुन्हा सुरुवात.

कुठं जायचं

पहिली नदी कोलाडची कुंडलिका. पुणे अडीचशे किलोमीटर, पुढं ताम्हिणी घाटातून सव्वाशेच्या आत. धारा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडच्या, रस्ता जवळ, राफ्टवाले सोबत. ग्रेड म्हणजे धार किती अवघड ते, १ ते ६ असतात. नवख्यानं दुसऱ्यात शिकावं आणि तिसऱ्यात जाणत्याच्या मागं जावं.

जंगलातली नदी हवी असेल तर काळी. हिप्परग्याशेजारून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हाच पुढं विजयपूर, हुबळीला जातो. तिथून दांडेली. एकूण पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. सुपा धरणाखाली गणेशगुडीपासून नदी दाट झाडीतून, खडकांतून उतरते, आसपास काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान. इथंही पाणी वीजघराच्या मर्जीचं, आणि पावसाळ्यात उतरत नाहीत. एकट्यानं नाही, स्थानिक परवानाधारकांसोबतच. दांडेलीकडं, खालच्या संथ डोहांत मगरी आहेत. नाव काढल्यावर अंग धुवायला कुठल्याही डोहात उतरू नका, आधी विचारा.

जंगलातल्या नदीचा खरा धोका वाघ नव्हे, पडलेलं झाड. पाणी फांद्यांमधून जातं, माणूस जात नाही, चाळणीत चहापत्ती अडकावी तसा अडकतो. पाणी सुटल्यावर बेटांवरची झुडपं, बांबूची बेटं पाण्यात येतात, तीही तशीच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला झाडं जास्त अडकतात कारण धार तिकडंच रेटते, म्हणून आंधळ्या वळणावर आतला काठ धरा. फांदी अगदी अंगावर आलीच तर मागं झुकू नका, नाव तिच्याकडंच कलवा आणि तिला मिठी मारा. उलट बाजूला कललं की नाव फांदीखाली जाते, मग तुम्ही. झुकलेल्या फांद्यांवर पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी असतात, फांदी हातानं बाजूला करण्यापूर्वी एकदा वर पाहा.

पाण्यात पडलात तर

पाठीवर, पाय पुढं उताराकडं, बोटं पाण्यावर. गुडघाभरापेक्षा खोल वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. पाय दोन दगडांत अडकला की पाणी अंगाला पुढं रेटतं, आणि कंबरभर पाण्यातही तोंड वर येत नाही. नावेच्या वरच्या बाजूला राहा. खाली राहिलात तर पाण्यानं भरलेली नाव आणि खडक यांच्या मधे सापडाल. समोर झाड आलं तर मात्र पालथे व्हा, त्याच्याकडं जोरात पोहा आणि खोडावर चढा.

काठावरून दोर फेकला तर दोर धरा, पिशवी नव्हे. खांद्यावरून घ्या, पाठीवर पडा, मनगटाला गुंडाळू नका. फेकणाऱ्यानं आधी हाक मारायची, मग फेकायचं. दोर १५ ते २० मीटरचा, तरंगणारा.

खुणा थोड्या: वल्हं उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, एक शिट्टी म्हणजे इकडं पाहा, तीन म्हणजे संकट. बोट नेहमी सुरक्षित वाटेकडं दाखवायचं, धोक्याकडं कधीच नाही. गोंगाटात दाखवलेल्या दिशेला माणूस आंधळेपणानं जातो.

खाणं, जखमा आणि नावेची काळजी

कडक भाकरी आणि शेंगा चटणी यापेक्षा चांगला डबा नदीवर नाही. दोन दिवस काही होत नाही, फक्त पाणबंद पिशवीत ठेवा, कडक भाकरीला पाणी लागलं की तिची रयाच जाते. चटणीनं तहान लागते, म्हणून माणशी दोन लिटर पाणी नावेत.

खरचटलेलं ताबडतोब धुऊन झाका. नदीवरून आल्यावर दोनेक आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं स्वतःहून सांगा. लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका त्यावरूनच येते.

नाव गाडीच्या टपावर बांधताना दोन पट्टे आडवे, पुढचं टोक दोरीनं बंपरला. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर हुबळीपर्यंत तो घुंई घुंई वाजत राहतो. मे महिन्यात पट्टे फार आवळू नका: उन्हानं मऊ झालेलं प्लास्टिक दबतं आणि नावेच्या पोटाला खळगा पडतो. घरी ती गच्चीवर, पत्र्याखाली ठेवू नका. जिन्याखाली, सावलीत, एका कुशीवर उभी ठेवा, बूच उघडं ठेवून. खळगा पडलाच असेल तर आत कोमट पाणी भरून तासभर उन्हात ठेवा आणि आतून हळूच ढकला. बहुतेक वेळा तो भरून येतो.